जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमातला सॅक्सोफोनवाला

खर्जातला

जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांत मी सॅक्सोफोन वाजवतो. मुख्य वाद्य आल्टो सॅक्स, लागेल तिथे त्याहून मोठा, खालच्या सुरांचा टेनर सॅक्स, शिवाय बॅगेत क्लॅरिनेट आणि बासरी. नोकरी होती तेव्हा शनिवार-रविवार सांभाळून वाजवत असे, निवृत्तीनंतर पूर्ण वेळ हेच. गायक-गायिकांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, निवेदकांबद्दलही. मागे दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या फुंकवाद्यवाल्याचं काम नेमकं काय असतं, हे कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून हा धागा.

पहिली गोष्ट, आमचा बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. तीन तासांच्या कार्यक्रमात पंचवीस-तीस गाणी झाली, तर त्यात सॅक्स असलेली गाणी बोटांवर मोजता येतील एवढीच. त्या गाण्यांतही कुठे आठ बारांचा पीस, म्हणजे नुसत्या वाद्याचा छोटा तुकडा, कुठे अंतऱ्यामागे दोन ओळींची साथ. बाकी गाण्यांत बासरी धर, क्लॅरिनेट धर, नाहीतर गप्प बस. पण जिथे सॅक्स आहे तिथे त्याच्यावाचून गाणं उभंच राहत नाही. १९६४ च्या 'कश्मीर की कली'मधलं 'है दुनिया उसी की' घ्या. ओ. पी. नय्यर यांनी त्यात रफीसाहेबांच्या ओळीला सॅक्सने उत्तर दिलं आहे, ओळ संपते तिथे सॅक्स बोलतो. ही उत्तरं काढून टाकली तर गाणारा कितीही तयारीचा असो, गाणं अर्धंच ऐकू येतं.

आणि ही उत्तरं श्रोत्यांना तोंडपाठ असतात. मला या कामातलं सगळ्यात अवघड वाटतं ते हेच. गायकाने एखादी हरकत स्वतःची घेतली की लोक 'वा' म्हणतात. मी पीसमधला एक सूर बदलला तर काय बदललं ते कुणाला सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकलं हे सभागृहाला लगेच कळतं. लोक तो पीस गेली पन्नास-साठ वर्षं रेडिओवर ऐकत आलेले असतात. त्यांच्या मनात तो जसा आहे तसाच्या तसा वाजायला हवा, आणि तरी तो त्या क्षणी कुणीतरी श्वास भरून वाजवतंय असंही वाटायला हवं. जॅझ वाजवणारे मित्र म्हणतात, तुम्ही दर वेळी तेच वाजवता, कंटाळा कसा येत नाही? मला कधीच आलेला नाही. तोच पीस, तीच मींड, पण फुंक कुठे सैल सोडायची आणि शेवटचा सूर किती हलवायचा, हे दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

आता वाट बघण्याबद्दल. लोकांना वाटतं हा निवांत बसलाय. नाट्यगृहातलं एसी जोरात असतं. सॅक्सच्या आतली हवा थंड झाली की सूर उतरतो. कीबोर्डचा सूर मात्र जागचा हलत नाही. म्हणजे वीस मिनिटं वाद्य मांडीवर ठेवलं आणि एकदम पीस वाजवला, तर पहिला सूर खाली लागणारच. म्हणून पीस यायच्या आधीच्या गाण्यात मी सगळ्या किल्ल्या (बोटांनी दाबायची झाकणं) दाबून धरतो आणि आवाज न करता नळीत गरम श्वास सोडत राहतो. रीडही (माउथपीसला लावलेली वेताची पातळ पट्टी) वाळते, तिला तोंडात धरून ओली ठेवावी लागते. डिसेंबरातल्या मोकळ्या मैदानावरच्या कार्यक्रमांत हीच अडचण दुप्पट होते. आणि मे महिन्यात उलटं, सूर चढतो, मग माउthपीस थोडा बाहेर ओढून घ्यायचा. मुखड्याला टाळ्या वाजत असतात तेव्हा मी या उद्योगात असतो.

दुसरी अडचण पट्टीची. सॅक्ससाठी कागदावर जो 'सी' लिहिलेला असतो तो आल्टोवर वाजवला की पेटीची काळी दोन ऐकू येते, टेनरवर काळी पाच. त्यामुळे गायकाची पट्टी कळली की डोक्यात आधी ती फिरवून घ्यावी लागते. गाणं पांढरी चारमध्ये असेल तर आल्टोवर मी डी मेजरमध्ये वाजवतो, दोनच शार्प (अर्ध्या सुराने चढे सूर), बोटं आपोआप पडतात. कार्यक्रमाच्या दिवशी गायक म्हणतो, "घसा जरा बसलाय, अर्धा सूर खाली घेऊ." कीबोर्डवाला ट्रान्स्पोजचं, म्हणजे पट्टी बदलायचं, बटण दाबतो. गिटारवाला खूश होतो, कारण पांढरी तीनमध्ये त्याच्या उघड्या तारा कामाला येतात. माझ्या वाट्याला सी शार्प मेजर, सातच्या सात शार्प. टेनर घेतला तरी सहा. तो पीस मी ज्या बोटांनी घोटलेला असतो ती बोटं अशा वेळी कामाची राहत नाहीत. यावर उपाय एकच: ठरावीक पीस सगळ्या पट्ट्यांत तयार ठेवायचे. रोजचा निम्मा रियाज मी यालाच देतो.

आमचं वर्षही वेगळं चालतं. २७ जून पंचमदांचा, म्हणजे राहुलदेव बर्मन यांचा वाढदिवस, २२ जुलै मुकेश यांचा, ३१ जुलै रफीसाहेबांची पुण्यतिथी, ४ ऑगस्ट किशोरदांचा वाढदिवस. ३१ जुलै ते ४ ऑगस्ट हे दिवस असे असतात की एकाच गावात तीन-तीन कार्यक्रम लागतात आणि सॅक्स वाजवणारे मात्र एक-दोनच. मग गणपती, लतादीदींचा २८ सप्टेंबर, नवरात्र, १३ ऑक्टोबर किशोरदांची पुण्यतिथी, कोजागिरी, दिवाळी पहाट, रफीसाहेबांचा २४ डिसेंबर, ३१ डिसेंबर, आणि ४ जानेवारीला पंचमदांची पुण्यतिथी. फेब्रुवारी ते मे फोन क्वचित वाजतो. त्या महिन्यांत वाद्यं दुरुस्त करायची, किल्ल्यांखालचे पॅड बदलायचे आणि नवीन पीस उतरवून घ्यायचे.

इथे वाजवणारे, ऐकणारे, कार्यक्रम लावणारे सगळेच असतील. आपापलं लिहा. प्रश्न असतील तर विचारा, मला या विषयावर बोलायला आवडतं.

जुनी तबकडी

फार बरं वाटलं वाचून. आमच्या लहानपणी गणपतीत ऑर्केस्ट्रा म्हणजे रस्त्यावर सतरंज्या टाकून मध्यरात्रीपर्यंत. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीत येणाऱ्या ऑर्केस्ट्रात एक सॅक्सोफोन वाजवणारे गृहस्थ होते, पांढरा शर्ट, काळा बो. पीस आला की ते उभे राहायचे आणि संपला की बसायचे. आम्ही पोरं गायकाकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघायचो. बाकी वाद्यं आमच्या ओळखीची होती, हे एकच असं होतं की आवाज कुठून येतो ते समजत नसे.

दोन प्रश्न. मूळ गाण्यांत हे वाजवलं कोणी? आणि तुम्हाला हे पीस लिहिलेले मिळतात, की ऐकून उतरवता?

खर्जातला

तबकडीकाका, उभं राहून वाजवायची ती पद्धत मीही पाळतो. पीस वाजवताना लोकांनी वाजवणाऱ्याकडे बघावं असं मला मनापासून वाटतं.

मूळ वाजवणाऱ्यांमध्ये पहिलं नाव मनोहारी सिंग यांचं. जन्म १९३१, मूळचे कलकत्त्याचे, घराणं नेपाळी. १९५८ मध्ये मुंबईत आले आणि पुढची कितीतरी वर्षं हिंदी गाण्यांतला सॅक्स म्हणजे बहुतेक वेळा त्यांचाच श्वास. वर लिहिलेलं 'है दुनिया उसी की' त्यांचं. 'आरज़ू'मधलं 'बेदर्दी बालमा तुझको' त्यांचं, ते १९६५ चं. ते उत्तम बासरीही वाजवत. राहुलदेव बर्मन यांच्याकडे ते आणि बासुदा चक्रवर्ती वाद्यमेळाची व्यवस्था बघत, आणि बासू-मनोहारी या नावाने दोघांनी संगीतही दिलं. २०१० मध्ये ते गेले. त्यांचं ऐकताना मला दर वेळी खालच्या सुरांचं नवल वाटतं. आल्टोचे अगदी खालचे सूर हळू आवाजात काढणं फार कठीण, ते एकतर लागत नाहीत नाहीतर भोंग्यासारखे फुटतात. मनोहारीदा ते असे काढतात की सुराआधी श्वास ऐकू येतो. खालचा जबडा सैल सोडून, ओठाचा दाब कमी करून ते साधावं लागतं. मी अजून त्यावर रोज काम करतो.

त्यांच्याआधीची पिढी मुख्यतः गोव्याची. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) शिकवत. तिथून तयार झालेले वादक मुंबईत आले, मोठ्या हॉटेलांच्या जॅझ बँडांत वाजवू लागले आणि दिवसा स्टुडिओत जाऊ लागले. आपले सी. रामचंद्र, मूळचे पुणतांब्याचे, त्यांनी या वादकांचा फार मोठा उपयोग केला. त्यांच्याच १९५१ च्या 'अलबेला'मध्ये चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. चिक चॉकलेट ट्रम्पेटवाले, पण त्या सगळ्या फुंकवाद्यांचा जोम ऐका. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ लिहून देणारे, होते. गोव्याच्या या मंडळींनी लिहून दिलेले पीस आज आपण 'गाण्याचा भाग' म्हणून गुणगुणतो.

दुसरा प्रश्न. ते लिहिलेले कागद बहुतेक जपले गेलेच नाहीत. रेकॉर्डिंग झालं की कागदाचं काम संपलं असं तेव्हा धरत असावेत. त्यामुळे आम्ही कानानेच उतरवतो. त्यातही एक गोम आहे. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीवर एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटं मावत, त्यामुळे बऱ्याच गाण्यांत चित्रपटातला पीस लांब आणि तबकडीवरचा छोटा. संयोजकाने कुठलं रूप ऐकलंय ते आधी विचारून घ्यावं लागतं. शिवाय जुन्या रेकॉर्डचा वेग कमीजास्त झालेला असतो, त्यामुळे गाणं धड पांढऱ्या पट्टीत नसतं, धड काळ्या. आता मोबाइलवर गाणं संथ करून ऐकता येतं, सूर जागच्या जागी ठेवून. पूर्वी टेप मागे-पुढे करून करून खराब व्हायची.

पेटीवाला

मी कीबोर्ड वाजवतो, तोही जुन्याच गाण्यांना. लेख आवडला, पण आमची बाजूही लिहितो. सॅक्सवाल्याला काढून कीबोर्डवाल्याने त्याची जागा घेतली असं सरळ म्हटलं जातं, ते मला पटत नाही. संयोजकाला सहा वादक परवडतात. त्यात तबला-ढोलक, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य), गिटार, बेस आणि दोन कीबोर्ड आले की संपलं. व्हायोलिनचा अख्खा ताफा, ॲकॉर्डियन, मेंडोलिन, सितारीचा तुकडा, बासरी आणि सॅक्स हे सगळं दोन जणांच्या चार हातांत येतं. 'रूप तेरा मस्ताना'मध्ये केरसी लॉर्ड यांचं ॲकॉर्डियन आहे आणि सॅक्सही आहे. दोन्ही मलाच वाजवायचं असतं, मधे श्वास घ्यायलाही जागा नाही.

आणि आम्ही नुसतं बटण दाबून मोकळे होत नाही. उजव्या हाताने सूर, डाव्या हाताने पिच व्हीलवर (सूर वळवायच्या चाकावर) मींड, पायाने आवाजाचा चढउतार. चांगल्या सॅम्पलमध्ये (कीबोर्डमध्ये भरलेल्या खऱ्या वाद्याच्या आवाजात) आता फुंकेचा आवाजसुद्धा येतो. मागच्या रांगेतल्या श्रोत्याला फरक कळतो का, याची मला खरंच शंका आहे.

खर्जातला

पेटीवाला, तुमच्या हातांबद्दल मला आदर आहे. सहा जणांत चाळीस जणांचं गाणं उभं करणं हे तुमच्यामुळेच होतं, आणि तुमच्यासारखा कीबोर्डवाला शेजारी असला की मलाही वाजवायला सोपं जातं.

तरी फरक कळतो असं माझं ठाम म्हणणं आहे. सॅम्पलमधला प्रत्येक सूर सुरू होताना सारखाच सुरू होतो. खऱ्या वाद्यावर जीभ रीडला कुठे लागली, आधी हवा आली की आधी सूर आला, आधीच्या सुरावरून घसरत आलो की नव्याने लावला, याने प्रत्येक सुराची सुरुवात बदलते. नाव सांगता आलं नाही तरी कानाला ते समजतं. आणखी एक. गायक दमलेला असेल, ओळ थोडी लवकर सोडली, तर मी माझं उत्तर तेवढंच आधी उचलतो आणि त्याच्या श्वासाला जागा देतो. दोघंही फुफ्फुसांवर चाललेले असतो, म्हणून ते आपोआप जुळतं. मी साथ करतो तेव्हा गायक माझ्याकडे वळून गातात, आणि ते मी दर कार्यक्रमात बघतो.

बँडवाल्याची लेक

आमच्या घरात तीन पिढ्यांचा लग्नाचा बँड. आजोबा क्लॅरिनेट वाजवायचे, वडील क्लॅरिनेट आणि सॅक्स दोन्ही, भाऊ आता युफोनियम, हे पितळी फुंकवाद्य. मी वाजवत नाही, पण रीड घासून पातळ करणं, कॉर्क बसवणं हे लहानपणापासून करत आले आहे.

खर्जातला दादांनी वर्षाचं जे लिहिलंय त्यात मला आमचंही वर्ष दिसलं. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की लग्नं बंद, बँडचं काम थांबतं, ते थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. नेमके त्याच महिन्यांत तुमचे रफी-किशोर आणि गणपती-नवरात्राचे कार्यक्रम. त्यामुळे वडील पावसाळ्यात ऑर्केस्ट्राच्या सुपाऱ्या घ्यायचे. आमचं घर त्या चार महिन्यांत त्यावर चालायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं बँडवाला वेगळा आणि स्टेजवरचा वादक वेगळा. कितीतरी ठिकाणी माणूस तोच असतो, कपडे फक्त बदलतात.

पण मान तोच मिळत नाही, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. वरातीत वडील तीन-तीन तास चालत वाजवायचे. साडेतीन किलोचा टेनर गळ्यातल्या पट्ट्यावर, समोर जनरेटरचा धूर, नाचणाऱ्यांचे धक्के. माउथपीसला मागून धक्का बसला की पुढचा दात दुखावतो. त्यांचा वरचा एक दात असाच गेला. तरी रात्री नाट्यगृहात तेच 'बेदर्दी बालमा' वाजवलं की लोक टाळ्या वाजवायचे, आणि सकाळी वरातीत वाजवलं तर कुणी मान वर करून बघायचं नाही. वडिलांचा कान फार तयार होता. नोटेशन वाचता येत नव्हतं. गाणं दोनदा ऐकलं की पूर्ण हातात. त्यांना कुठल्याही पट्टीत वाजवताना डोक्यात हिशेब करावा लागायचा नाही, सा कुठे आहे तेवढं सांगा, पुढचं ते बघून घेत.

२०२० मध्ये लग्नं आणि नाट्यगृहं दोन्ही एकदम बंद झाली. तबलजी, गायक घरून ऑनलाइन काहीतरी करत होते. फुंकवाद्य म्हटल्यावर लोक लांबूनच नको म्हणायचे. मास्क लावून सॅक्स वाजत नाही. त्या काळात आमच्याकडचा एक आल्टो विकावा लागला. वडील आता वाजवत नाहीत, पण उरलेला टेनर दर रविवारी पुसून ठेवतात.

खर्जातला

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मला पहिली रीड कशी बसवायची ते एका बँडमधल्या क्लॅरिनेटवाल्यांनी शिकवलं. स्टेजवरच्या आम्हा लोकांच्या बोटांत जे आहे त्यातलं खूपसं बँडमधून आलंय, आणि हे निवेदकांनी माइकवरून सांगायला हवं.

सा कुठे आहे तेवढं सांगा, हे त्यांचं म्हणणं मी लिहून ठेवतोय. शार्प मोजण्यापेक्षा ही रीत श्रेष्ठ आहे.

संयोजक पुढची रांग

मी गेली बरीच वर्षं असे कार्यक्रम लावतो, म्हणून खर्चाची बाजू लिहितो. नाट्यगृहाचं भाडं, साउंड, लाइट, गाण्यांचा परवाना, वादक, आणि शेवटी उरलं तर माझं. आता तिकीट काढून येणारे कमी झालेत. पुष्कळ कार्यक्रम हौशी गायकांच्या वर्गणीवर उभे राहतात, म्हणजे गाणारेच पैसे भरतात आणि त्यांचे नातेवाईक ऐकायला येतात. त्यांना कराओके ट्रॅकवर गायची सवय असते. ट्रॅकमध्ये सॅक्स आधीच वाजलेला असतो, मग माणूस कशाला, असं ते विचारतात.

मी तरीही वर्षातून निदान काही कार्यक्रम पूर्ण वाद्यवृंदाचे करतो आणि फुंकवाद्य ठेवतो. कारण मध्यंतरात लोक येऊन बोलतात ते सॅक्सवाल्याशी. हे मी दर वेळी बघितलंय. मुलं येतात, वाद्याला हात लावू का विचारतात.

एक अडचण मात्र नियमाची आहे. उघड्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सरकारने ठरवलेल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत सवलत. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की पावणेदहाला यादी कापावी लागते, आणि संथ, रात्रीची म्हणून शेवटी ठेवलेली गाणी आधी जातात. त्यातच तुमचा सॅक्स असतो.

खर्जातला

हे अगदी खरं आहे. माझ्या सगळ्यात जास्त तयारीची गाणी बहुतेक वेळा पावणेदहाच्या यादीतच असतात. मैदानावरचा कार्यक्रम असेल तर सॅक्सचं एक गाणं पहिल्या पाच गाण्यांत घ्या अशी माझी विनंती आहे. त्याने सभाही बांधली जाते.

नवशिका

वय पन्नाशीकडे झुकलंय, संगीताची पार्श्वभूमी म्हणजे शाळेत थोडी पेटी. हे सगळं वाचून सॅक्स शिकायची फार इच्छा झाली आहे. या वयात जमेल का? कुठला घ्यावा? फ्लॅटमध्ये राहतो, शेजारी काय म्हणतील? पुढच्या एका दातावर कॅप आहे, चालेल का?

खर्जातला

जमेल. सॅक्सवर पहिला सूर बासरीपेक्षा लवकर निघतो. खालचा सप्तक आणि वरचा सप्तक यांची बोटं जवळजवळ सारखी, अंगठ्याने ऑक्टेव्हची किल्ली दाबली की वरचा सूर. क्लॅरिनेटवर तसं नाही, तिथे रजिस्टरची किल्ली दाबली की सूर बाराव्या स्थानावर उडी मारतो, म्हणून वरची बोटं निराळी शिकावी लागतात. पेटी वाजवली असेल तर सुरांची समज आहेच. सुरुवातीचे सहा महिने गाणी वाजवायचा मोह बाजूला ठेवा आणि लांब सूर धरा. एक सूर, एका श्वासात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर. कंटाळवाणं वाटतं, पण सगळं तिथेच तयार होतं.

वाद्य आल्टोच घ्या. टेनर जड आणि हवा जास्त मागतो, सोप्रानो दिसायला छोटा पण सुरात ठेवायला सगळ्यात त्रासदायक. नामांकित कंपनीचा शिकाऊ आल्टो नवा घेतला तर लाखाच्या घरात जातो. स्वस्तातला नवा घेण्यापेक्षा चांगला जुना घेणं बरं, पण एकट्याने बघायला जाऊ नका. वाजवणारा कुणी सोबत न्या. नळीत बारीक दिवा सोडून अंधारात बघितलं की कुठला पॅड नीट बसत नाही ते प्रकाशाच्या रेघेवरून कळतं. जी शार्पची किल्ली चिकटते का ते बघा, ती बहुतेक जुन्या वाद्यांत चिकटते, त्याने घाबरून जायचं कारण नाही. नळी वाकलेली असेल तर मात्र घेऊ नका.

रीड दोन नंबरपासून सुरू करा. कडक रीड घेतली म्हणजे आवाज मोठा येतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, ओठ सुजेल. तीन-चार रीड आळीपाळीने वापरा, म्हणजे प्रत्येकीला वाळायला वेळ मिळतो. पावसाळ्यात रीड फुगतात आणि कडा वाकड्या होतात, त्या सपाट काचेवर ठेवून वाळवायच्या.

दातांचं असं की वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकतात आणि खालच्या दातांवर ओठ दुमडलेला असतो. म्हणजे कॅपवाला दात वर असेल तर त्याच्यावर सततचा दाब आणि कंप येणार. माउथपीसवर चिकटवायची रबराची पातळ पट्टी मिळते, ती लावा. आणि वाद्य विकत घ्यायच्या आधी दातांच्या डॉक्टरांना माउथपीस दाखवून विचारा.

शेजाऱ्यांचा प्रश्न मोठा आहे. ट्रम्पेटला लावतात तसं भोंग्यात बूच घालून सॅक्सचा आवाज दबत नाही, कारण आवाज फक्त भोंग्यातून येत नाही, जी जी भोकं उघडी असतात त्या सगळ्यांतून येतो. मी कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड करून वाजवतो, कपडे पुष्कळ आवाज खातात. वेळ सकाळी अकराची ठेवली आहे आणि आधी शेजाऱ्यांशी जाऊन बोललो होतो. आता वरच्या मजल्यावरच्या काकू एखादा दिवस आवाज आला नाही तर तब्येतीची चौकशी करतात.

कोमल निषाद

मी कर्नाटक संगीत ऐकतो, म्हणून एक भर. कद्री गोपालनाथ यांनी हे पाश्चात्त्य वाद्य गमकांसकट कर्नाटक संगीतात आणलं. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये लहानपणी त्यांनी सॅक्स ऐकला आणि तिथून सुरुवात झाली. १९९४ मध्ये लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात वाजवलं, २००४ मध्ये पद्मश्री. २०१९ मध्ये गेले. चित्रपटाच्या पीसमधल्या मींडेबद्दल वर वाचताना त्यांची आठवण झाली. किल्ल्यांच्या वाद्यावर सूर असा वळवता येतो यावर त्यांचं ऐकेपर्यंत माझा विश्वास नव्हता.

खर्जातला

निषाद, आभार. मींड मी त्यांचं ऐकूनच सुधारली. ती बहुतेक ओठ आणि घशातून येते, किल्ली अर्धवट उचलून थोडी मदत घेता येते. सॅक्स मुळात १८४६ मध्ये बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्स यांनी पॅरिसमध्ये पेटंट घेतलेलं वाद्य, फौजी बँडात त्याचा मोठा वापर झाला. त्यातून रागदारी आणि रफीसाहेबांच्या ओळीचं उत्तर निघतं याचं मला अजून अप्रूप आहे.

संयोजक पुढची रांग

या ३१ जुलैला रफीसाहेबांचा कार्यक्रम करतोय, पूर्ण वाद्यवृंद. खर्जातला, तारीख मोकळी आहे का? आणि बँडवाल्याची लेक, तुमचे वडील वाजवत नसले तरी त्यांना पहिल्या रांगेत बसवायची इच्छा आहे, येतील का विचारा. निवेदनात बँडवाल्या वादकांबद्दल काय सांगायचं तेही लिहून पाठवा, मी निवेदिकेला देतो.

बँडवाल्याची लेक

विचारलं. येतो म्हणाले. आणि 'है दुनिया उसी की' असेल तर पट्टी कुठली ते आधी कळवा म्हणाले, का ते सांगितलं नाही.

खर्जातला

तारीख मोकळी ठेवली आहे. संयोजक, गायकांच्या पट्ट्यांसकट यादी पंधरा दिवस आधी पाठवा. आणि त्या गाण्याचा गायक ठरला की त्याची पट्टी आधी ताईंना कळवा, मग मला. मी त्या दिवशी आल्टो घेऊन येतो. ताई, टेनरची रीड जुनी असेल तर नवीन माझ्याकडे आहेत, अडीच नंबर चालेल का विचारा.